फुफ्फुसाच्या फायब्रोसिसची ट्रायल: सही करण्याआधी काय समजून घ्यावे?

"डॉक्टर, अमेरिकेत फुफ्फुसाच्या फायब्रोसिसवर नवीन गोळी आलीय. पुण्यात तिची ट्रायल चालू असेल तर बाबांचं नाव घालता येईल का?"

ऑक्टोबर २०२५ पासून हा प्रश्न माझ्या खराडीतल्या दवाखान्यात वेगवेगळ्या शब्दांत येतो आहे. विचारणारे बहुतेक वेळा इथल्या आयटी पार्कमध्ये काम करणारे मुलगा, सून किंवा मुलगी असतात. पेशंट असतात गावाहून नातवंडांना सांभाळायला आलेले आई किंवा वडील. मोबाइलवर बातमीचा स्क्रीनशॉट असतो आणि चेहऱ्यावर, वर्षभरात पहिल्यांदाच, थोडी आशा असते.

मी छातीविकारतज्ज्ञ नाही. जनरल प्रॅक्टिस करणारा साधा एमबीबीएस डॉक्टर आहे. पण हे पेशंट खोकला घेऊन सगळ्यात आधी माझ्यासारख्याकडेच येतात आणि मोठ्या हॉस्पिटलमधून संमतिपत्र हातात मिळाले की ते "जरा बघता का" म्हणून परत माझ्याकडेच आणतात. म्हणून हा लेख.

आधी बातमी काय आहे ते पाहू

इंटरस्टिशियल लंग डिसीज, म्हणजे आयएलडी, हा एक आजार नाही. शंभराहून जास्त आजारांचे ते कुटुंब आहे. आपल्या फुफ्फुसात द्राक्षांच्या घडासारखे लहान लहान वायुकोश असतात. या आजारांत त्यांच्या भिंतींना सूज येते आणि पुढे त्या जाड व कडक होत जातात. हा कडकपणा म्हणजे फायब्रोसिस. जखम भरल्यावर राहिलेला व्रण जसा पुन्हा मऊ कातडी होत नाही, तसेच इथे होते. यातला ज्याचे कारणच सापडत नाही तो आयपीएफ, म्हणजे इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस. ट्रायलच्या बातम्यांत हेच नाव सर्वांत जास्त दिसते.

आयपीएफसाठी जगभर दोन औषधे वापरली जातात, पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब. दोन्हींना जागतिक मान्यता मिळवून देणाऱ्या निर्णायक ट्रायल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यानंतर दहा वर्षे नवीन काहीच टिकले नाही. मे २०२५ मध्ये नेरँडोमिलास्ट या गोळीच्या दोन मोठ्या ट्रायलचे निकाल आले आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी ती आयपीएफसाठी मंजूर केली. तुमच्या मोबाइलवरची बातमी ती हीच.

आता आकडे. आयपीएफच्या ट्रायलमध्ये ११७७ पेशंट होते आणि मोजमाप होते एफव्हीसी. पूर्ण श्वास भरून जोराने सोडला की जेवढी हवा बाहेर येते ती एफव्हीसी. वर्षभरात प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली पण तशीच दिसणारी गोळी, घेणाऱ्यांची एफव्हीसी सरासरी १८३ मिलिलीटरने घटली. नवीन गोळीचा मोठा डोस घेणाऱ्यांची ११५ मिलिलीटरने घटली. फरक साधारण ७० मिलिलीटरचा. टपरीवरच्या कटिंग चहाएवढा.

हे ऐकून एका मुलीने मला विचारले होते, "एवढंच?" हो, एवढेच. पण तीन चतुर्थांशाहून जास्त पेशंट जुन्या दोनपैकी एक औषध आधीपासून घेतच होते. हा फरक त्याच्या वरचा आहे. आणि दरवर्षी एकेक कटिंग वाचत गेले तर तीन-चार वर्षांनी एखादा माणूस सोसायटीच्या गेटपर्यंत चालत जाऊ शकेल की नाही, एवढा त्याचा अर्थ होऊ शकतो.

मात्र एक गोष्ट स्क्रीनशॉटमध्ये नसते. दोन्ही गटांची एफव्हीसी घटलीच. कोणाचे फुफ्फुस पूर्ववत झाले नाही. गोळी घेतल्यावर "आज जरा बरं वाटतंय" असेही सहसा होत नाही. उलट मोठ्या डोसच्या गटात दर दहापैकी चार जणांना जुलाबाचा त्रास झाला. दम तसाच, वर पोट बिघडलेले, म्हणजे औषध निरुपयोगी, असा हिशोब पेशंट मनाशी करतात आणि घरी न सांगता गोळ्या बंद करतात. निन्टेडॅनिबच्या बाबतीत हे मी अनेकदा पाहिले आहे.

ट्रायल म्हणजे औषध नाही, प्रश्न आहे

"ट्रायलमध्ये घातलं" म्हणजे "नवीन, भारी औषध मिळालं" असा समज सगळ्यांचा असतो, शिकलेल्यांचाही. प्रत्यक्षात ट्रायल तेव्हाच होते जेव्हा डॉक्टरांनाच उत्तर माहीत नसते. औषध उपयोगी आहे हे आधीच सिद्ध असेल तर निम्म्या लोकांना साखरेची गोळी देणे हा गुन्हाच ठरेल.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आयपीएफचेच आहे. मी प्रॅक्टिस सुरू केली त्या काळात या आजाराला तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत होती: प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, अझाथायोप्रिन, आणि एन-ॲसिटिलसिस्टिन. सूज कमी करा, प्रतिकारशक्ती दाबा, म्हणजे फायब्रोसिस थांबेल, असा तर्क होता. तर्कात काहीच चूक दिसत नव्हती. अमेरिकेत या तिन्हींची प्लासिबोशी तुलना करणारी पँथर नावाची ट्रायल झाली. ऑक्टोबर २०११ मध्ये ही तीन औषधांची शाखा मध्येच थांबवावी लागली. तीन औषधांच्या गटात ८ मृत्यू झाले होते, प्लासिबोच्या गटात १. हॉस्पिटलमध्ये भरती होण्याचे प्रसंग २३ विरुद्ध ७. म्हणजे ज्यांना "काहीच दिले नाही" ते जास्त सुरक्षित होते. साखरेच्या गोळीच्या गटात नाव निघाले म्हणून ज्यांना तेव्हा वाईट वाटले असेल, त्यांचा विचार माझ्या मनात अजून येतो.

(इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण हे वाचून कोणी स्वतःहून स्टिरॉइड बंद करायला नको. हा निकाल आयपीएफपुरता आहे. आयएलडीच्या इतर काही प्रकारांत स्टिरॉइड खरोखर लागते आणि ते अचानक बंद करणे धोक्याचे असते.)

त्यानंतरही कहाणी सरळ झाली नाही. झिरिटॅक्सेस्टॅट नावाच्या औषधाची सुरुवातीची छोटी ट्रायल आशादायक होती. मोठ्या ट्रायलमध्ये १३०० हून जास्त पेशंट घेतले आणि २०२१ मध्ये ती थांबवली. फायदा दिसला नाही, आणि मोठ्या डोसच्या गटात मृत्यू जास्त दिसले. पॅमरेव्हलुमॅब २०२३ मध्ये मोठ्या ट्रायलमध्ये अपयशी ठरले. बेक्सोटेग्रास्टबद्दल तर तज्ज्ञांनाही फार अपेक्षा होत्या. २०२५ च्या सुरुवातीला, पेशंटच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीच्या शिफारशीवरून तीही ट्रायल थांबली. या प्रत्येक औषधाच्या वेळी कुठल्या तरी घरात कोणीतरी "बाबांना नवीन औषध मिळालं" म्हणून सुटकेचा श्वास सोडला असणार.

मग ट्रायलमध्ये जाऊच नये का? तसे मी म्हणत नाही. आज आपण देतो ती दोन्ही औषधे ट्रायलमध्ये गेलेल्या अनोळखी लोकांमुळेच मिळाली आहेत. शिवाय ट्रायलमध्ये तपासण्या वेळच्या वेळी होतात आणि फोन उचलणारा एक समन्वयक असतो. आपल्याकडच्या रोजच्या ओपीडीत हेही दुर्मीळ आहे. फक्त आत जाताना आपण प्रश्नाचा भाग होतो आहोत, उत्तराचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असावे. पेशंटला तर नक्कीच. पुष्कळदा मुलांना सगळे ठाऊक असते आणि वडिलांना फक्त "नवीन टॉनिक" एवढेच सांगितलेले असते.

आपला आजार आणि ट्रायलमधला आजार

आता या बातम्यांमध्ये जवळपास कधीच न येणारी गोष्ट. २०१२ ते २०१५ या काळात भारतातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी मिळून आयएलडीच्या १०८४ पेशंटची नोंद केली. पाश्चात्य देशांत आयपीएफ हा सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारांपैकी एक. आपल्या नोंदीत तो जेमतेम १४ टक्के निघाला. ४७ टक्के पेशंटना होता हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासावाटे जाणाऱ्या एखाद्या गोष्टीची फुफ्फुसाला येणारी ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया. यातल्या जवळपास निम्म्यांचा एअर कूलरशी संबंध होता, कारण कूलरच्या ओल्या जाळ्यांवर बुरशी धरते. दुसरे ठळक कारण पक्षी, आणि आपल्याकडे पक्षी म्हणजे मुख्यतः कबुतरे.

खराडीत राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. नदीकडेच्या आणि बायपासलगतच्या टॉवरमध्ये बाथरूमच्या डक्टपासून एसीच्या बाहेरच्या युनिटमागच्या कोपऱ्यापर्यंत कबुतरांची वस्ती असते. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ खिडकीतून आत येते. सगळ्यांना याने आजार होत नाही. ज्यांची शरीरप्रकृती तशी असते त्यांना होतो, आणि एकदा फायब्रोसिस सुरू झाला की तो पुष्कळदा आयपीएफसारखाच पुढे जातो. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून प्रकरण उच्च न्यायालयात आणि रस्त्यावरही गेले, तेव्हा हा आजार पहिल्यांदा घराघरांत पोचला. श्रद्धा, भूतदया, राजकारण यांवर मी इथे बोलणार नाही. माझ्या टेबलासमोर बसलेल्या बाईंना रोज सकाळी बाल्कनीत ज्वारी टाकल्याशिवाय चहा गोड लागत नव्हता, आणि त्यांचा एचआरसीटी माझ्या हातात होता, एवढेच मला माहीत आहे.

याचा ट्रायलशी संबंध काय? अनेक वर्षे मोठ्या ट्रायल फक्त आयपीएफच्याच व्हायच्या. कबुतरांमुळे किंवा संधिवातामुळे फायब्रोसिस झालेला पेशंट दारातूनच परत जायचा. म्हणजे आपल्याकडच्या बहुसंख्य पेशंटसाठी औषधाचा पुरावाच तयार होत नव्हता. हे चित्र २०१९ मध्ये बदलले. त्या वर्षी निन्टेडॅनिबची इनबिल्ड ही ट्रायल प्रसिद्ध झाली. तिची अट नव्या धाटणीची होती: कारण कोणतेही असो, फायब्रोसिस वाढतो आहे ना, मग या. ६६३ पेशंटपैकी १७३ जण हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचे होते. वर्षभरातली घट प्लासिबो गटात १८८ मिलिलीटर आणि औषधाच्या गटात ८१ मिलिलीटर.

नेरँडोमिलास्टची दुसरी ट्रायल याच धर्तीची होती. त्यात ११७६ पेशंट होते. एफव्हीसीची घट १६६ वरून ९९ वर आली. मृत्यूचा धोका मोठ्या डोसच्या गटात प्लासिबोच्या जवळपास निम्मा दिसला. पण आजार अचानक बळावणे, श्वसनाच्या त्रासाने भरती होणे किंवा मृत्यू हे तिन्ही मिळून जे मोजायचे ठरले होते, त्यात ठामपणे फरक सिद्ध झाला नाही. म्हणून मृत्यूचा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. या आकड्यांवर संशोधकही जपूनच बोलतात.

आणि कबुतरांच्या बाबतीत एक साधी गोष्ट: कारण घरात तसेच ठेवून ट्रायल शोधू नका. जाळी बसवा, डक्ट स्वच्छ करून घ्या. ते काम पेशंटने स्वतः करायचे नाही, आणि साफसफाई चालू असताना त्यांना दोन-चार दिवस नातेवाइकांकडे पाठवायचे. कूलर असेल तर तो काढा. काही जणांच्या बाबतीत सुरुवातीलाच कारण दूर झाले तर आजार तिथेच थांबतो.

दार सही करण्याच्या खूप आधी बंद होते

ट्रायलमध्ये जाण्यासाठी पात्रतेच्या अटी असतात. वर सांगितलेल्या नेरँडोमिलास्टच्या आयपीएफ ट्रायलचेच उदाहरण घ्या. वय किमान ४०, एफव्हीसी त्या वयाच्या-उंचीच्या निरोगी माणसाच्या किमान ४५ टक्के, आणि फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो हे मोजणारी डीएलसीओ किमान २५ टक्के. इतर ट्रायलच्या अटीही साधारण अशाच असतात. यात क्रूरपणा नाही. फार पुढे गेलेल्या आजारात औषधाचा फरक मोजताही येत नाही आणि धोका वाढतो. पण घरच्यांना सगळ्यात जास्त गरज वाटते ती नेमकी तेव्हाच.

माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. साठीचे गृहस्थ, कोरडा खोकला. मी आधी ॲलर्जीची गोळी दिली, मग सिरप, मग इनहेलर. पावसाळा संपेपर्यंत थांबू, म्हटले. जिना चढताना दम लागतो म्हणाले, तेव्हा मी वजनाकडे बोट दाखवले. आठ महिने असे गेले. एका संध्याकाळी गर्दी कमी होती, म्हणून शर्ट वर करून पाठीवर खाली स्टेथोस्कोप नीट लावला. ब्लड प्रेशरच्या पट्ट्याचा वेल्क्रो उघडताना येतो तसा बारीक चरचर आवाज दोन्ही बाजूंना. हा आवाज मला कॉलेजात शिकवला होता. छातीविकारतज्ज्ञांकडे पोचले तेव्हा त्यांची एफव्हीसी ४१ टक्के होती. मुलाने नंतर ट्रायल शोधली, सगळी कागदपत्रे जमवली, आणि त्यांना नकार मिळाला. मुलगा मला एका शब्दाने बोलला नाही. त्याला ते आठ महिने मोजता येत नव्हते. मला येतात.

मी एकटाच असा डॉक्टर नाही. कित्येक पेशंटना खोकला, वजन घटणे आणि एक्स-रेवरचे डाग पाहून थुंकीत जंतू नसतानाही टीबीची औषधे सुरू होतात आणि सहा महिने निघून जातात. म्हणून घरच्यांनी हे लक्षात ठेवावे: कोरडा खोकला आठ आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, चालताना पूर्वीपेक्षा दम लागायला लागला, बोटांची टोके फुगीर दिसू लागली, किंवा ऑक्सिमीटरवर बसून ९७ आणि एक मजला चढल्यावर ८८ येत असेल, तर डॉक्टरला स्पष्ट विचारा, "हा आयएलडी असू शकतो का? एचआरसीटी करायचा का?" साध्या एक्स-रेवर सुरुवातीचा आयएलडी सुटू शकतो. असे विचारल्याचा राग येणारा डॉक्टर असेल तर दुसऱ्याला विचारा.

संमतिपत्र वाचताना

पुणेकरांना ट्रायल नवीन नाहीत. याच नगर रोडने पुढे गेले की वढू बुद्रुक लागते. तिथल्या केईएम हॉस्पिटलच्या केंद्रात आसपासच्या गावांतली बाळे रोटाव्हायरस लसीच्या ट्रायलमध्ये होती. दिल्ली, वेल्लोर आणि पुणे मिळून ६७९९ बाळांच्या त्या ट्रायलमुळे भारतीय लस तयार झाली. ऑगस्ट २०२० मध्ये कोविशिल्डच्या भारतातल्या ट्रायलचे पहिले डोसही पुण्यातच दिले गेले. पण लसीची ट्रायल निरोगी लोकांवर होते. आयएलडीच्या ट्रायलमध्ये माणूस आधीच आजारी असतो आणि आजार स्वतःच पुढे सरकत असतो. त्यामुळे काही बिघडले तर ते औषधाने की आजाराने, हा वाद इथे कायमचा असतो.

भारतात हे सगळे २०१९ च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्सनुसार चालते. पेशंटला समजेल अशा भाषेत माहिती मिळाली पाहिजे. मराठी माहितीपत्रक हा उपकार नाही, तो तुमचा हक्क आहे. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात. ट्रायलशी संबंधित इजा किंवा मृत्यू ठरला तर भरपाई मिळते. कधीही, कारण न देता बाहेर पडता येते आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. सही केलेल्या संमतिपत्राची आणि माहितीपत्रकाची प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे. ती मागून घ्या.

भरपाईचे सूत्र मात्र एकदा समजून घ्यावे, कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही. मृत्यूसाठी पाया ८ लाख रुपयांचा. त्याला वयाचा गुणांक आणि 'जोखमीचा' गुणांक लागतो. ६५ किंवा त्याहून जास्त वयाला वयाचा गुणांक काही वाढवत नाही. जोखमीचा गुणांक निरोगी स्वयंसेवकासाठी ४, मध्यम धोक्याच्या पेशंटसाठी २, सहा महिने ते दोन वर्षे आयुष्य अपेक्षित असेल तर १, आणि सहा महिन्यांहून कमी अपेक्षित असेल तर अर्धा. म्हणजे पासष्टीच्या पुढच्या, आजार बराच वाढलेल्या माणसाची भरपाई १६ लाख, ८ लाख किंवा ४ लाख, तो किती जगला असता या अंदाजावर. हिशोब म्हणून याची बाजू मांडता येते. मला तो दर वेळी खटकतो. जास्त आजारी माणसाचा जीव स्वस्त, असा त्याचा अर्थ घरच्यांना लागतो आणि तो पुसून काढणारे उत्तर माझ्याकडे नाही.

माझ्याकडे संमतिपत्र आणले की मी काही गोष्टी शोधतो. प्लासिबो आहे का आणि त्या गटात जाण्याची शक्यता किती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आधीचे पिरफेनिडोन किंवा निन्टेडॅनिब चालू ठेवता येणार की बंद करावे लागणार. बंद करावे लागणार असेल तर मी पेशंटला दुसऱ्या छातीविकारतज्ज्ञांचे मत घ्यायला सांगतोच. मग, ट्रायल संपल्यावर औषध मिळत राहील का. नियमांत ट्रायलनंतर मोफत औषध देण्याची तरतूद आहे, पण तिला अटी आहेत, म्हणून ते लेखी काय आहे ते पाहावे. किती वेळा जावे लागेल, येण्याजाण्याचा खर्च मिळेल का, सोबत कोण जाणार. हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण घरातली बिघडाबिघडी इथूनच सुरू होते. मुलगा पहिल्या दोन व्हिजिटला सुट्टी काढतो, तिसऱ्या वेळी बाबा ऑक्सिजनचे छोटे सिलिंडर घेऊन एकटे कॅबमध्ये बसतात.

आणखी एक, माझ्या सोयीचे. ट्रायलमध्ये गेलात की तुमच्या नेहमीच्या डॉक्टरला सांगा आणि तिथे मिळालेले कार्ड पाकिटात ठेवा. ताप आला म्हणून तुम्ही रात्री माझ्याकडे आलात आणि मी सवयीने क्लॅरिथ्रोमायसिन लिहिले, तर ते इतर औषधांचे रक्तातले प्रमाण बदलू शकते. मला माहीत असेल तर मी आधी ट्रायलच्या डॉक्टरांना फोन करेन.

ट्रायल शोधायची कुठे

भारतात होणारी प्रत्येक औषधाची ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी नोंदवावी लागते. ही नोंदवही आयसीएमआरने २००७ मध्ये सुरू केली आणि २००९ पासून नोंद सक्तीची झाली. संकेतस्थळावर कोणालाही फुकट शोधता येते. आजाराचे नाव टाकले की ट्रायलची यादी येते. त्यात पात्रतेच्या अटी, कोणत्या शहरात कोणते केंद्र, संपर्काचा डॉक्टर आणि भरती चालू आहे की बंद, हे सगळे असते. अडचण एकच: सगळे इंग्रजीत आणि तेही वैद्यकीय इंग्रजीत. संमतिपत्र मराठीत हवे असा नियम आहे, आणि ज्या यादीवरून पेशंट तिथवर पोचणार ती मात्र त्याला वाचता येत नाही. खराडीतल्या मुलांना ती वाचता येते. शिरूरहून किंवा दौंडहून येणाऱ्या पेशंटला कोणी वाचून दाखवायचे?

ज्याची नोंद तिथे नाही आणि ज्यासाठी पैसे मागितले जातात, ती ट्रायल नाही. हे मी ठासून सांगतो, कारण फुफ्फुसाच्या फायब्रोसिसवर "स्टेम सेल थेरपी" विकणारे लोक 'ट्रायल' हाच शब्द वापरतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्टेम सेलचा असा वापर मंजूर ट्रायलबाहेर करता येत नाही. एका कुटुंबाने पॅकेजसाठी गावाकडची जमीन विकायला काढली होती. मी नोंदणी क्रमांक विचारायला सांगितला. त्यानंतर समोरच्यांचे फोन येणे बंद झाले.

आणि ज्यांना ट्रायलमध्ये जायचेच नाही, फक्त ते नवीन औषध हवे आहे, त्यांच्यासाठी: ऑगस्ट २०२४ मध्ये औषध महानियंत्रकांनी एक आदेश काढला. अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा किंवा युरोपियन युनियनमध्ये मंजूर झालेल्या काही औषधांना भारतात वेगळी ट्रायल न करता परवानगी मिळू शकते. त्यात दुर्मीळ आजारांची औषधे आहेत आणि सध्याच्या उपचारांपेक्षा लक्षणीय सरस औषधेही आहेत. रस्ता खुला आहे, पण प्रत्येक औषधाचा निर्णय वेगळा होतो आणि कंपनीने अर्ज करावा लागतो. तोवर कोणी "परदेशातून मागवून देतो" म्हणाले तर आपल्या छातीविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. निन्टेडॅनिब आणि पिरफेनिडोन दोन्ही इथे भारतीय कंपन्यांची मिळतात. ती नीट, पूर्ण डोसमध्ये, जुलाब आणि लिव्हरची तपासणी सांभाळून घेतली जात आहेत का, हे आधी पाहू.

ज्वारी टाकणाऱ्या त्या बाईंची एफव्हीसी ६२ टक्के निघाली. बाल्कनीला जाळी लागली, डक्ट साफ झाला, त्या तेवढे दिवस बहिणीकडे राहिल्या. छातीविकारतज्ज्ञांनी औषधे सुरू केली आहेत आणि दर तीन महिन्यांनी स्पायरोमेट्री होते. घट चालूच राहिली तर एका ट्रायलसाठी त्यांचे नाव सुचवू, असे त्यांनी सांगितले आहे. मुलीने मला विचारले, तोवर आम्ही काय करायचं? मी तिला एक फाइल करायला सांगितली: पहिल्या एचआरसीटीपासूनच्या सगळ्या सीडी, फक्त छापील रिपोर्ट नव्हे, प्रत्येक स्पायरोमेट्रीचा आलेख तारखेसह, आजवर घेतलेल्या औषधांची नावे, कधी सुरू केली आणि कधी बंद केली, सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीचे आकडे, आणि पहिल्या पानावर, खोकला नेमका कोणत्या महिन्यात सुरू झाला.